निगेटिव्ह आयन म्हणजे नेमकं काय? घरातली हवा आणि मन त्यांनी खरंच सुधारतं का?

नाशिकहून मुंबई-आग्रा महामार्गाने साधारण ३० किलोमीटर पुढे गेलं की पिंपळगाव बसवंत लागतं. निफाड तालुक्यातलं हे गाव कांदा, टोमॅटो आणि द्राक्षांच्या बाजारपेठेसाठी ओळखलं जातं. कांद्याच्या खळ्यांवर प्रतवारी सुरू असली की पापुद्रा आणि माती हवेत उडत असते. महामार्गावरून दिवसरात्र ट्रक जातात. थंडीत द्राक्षबागा वाचवण्यासाठी पहाटे शेकोट्या पेटतात आणि त्यांचा धूर गावावर रेंगाळतो.

अशा गावात घरात दम्याचं लहान मूल असेल किंवा खळ्यावर काम करून खोकला जडलेली आई असेल, तर "हवा शुद्ध करणारं यंत्र घ्यावं का?" हा प्रश्न येतोच. मोबाइलवर जाहिराती दिसतात. "निगेटिव्ह आयन, धबधब्याजवळची हवा तुमच्या घरात", "लाखो आयन प्रति सेकंद", "दमा, डोकेदुखी, निद्रानाश यांवर उपाय" असं त्यांत लिहिलेलं असतं. एसी, पंखा, हेअर ड्रायर, गळ्यातलं पदक आणि सॅनिटरी पॅडही याच नावाने विकलं जातं.

हे निगेटिव्ह आयन असतात काय, ते करतात काय आणि त्यांच्यावर पैसे खर्च करावेत का, हे या लेखात समजून घेऊ.

थोडक्यात

- निगेटिव्ह आयन ही खरी गोष्ट आहे. ते निसर्गात तयार होतात आणि मोजताही येतात.
- आयन सोडणारं यंत्र हवेतले काही धूलिकण खाली बसवतं. वायू, कीटकनाशकांची वाफ किंवा कार्बन मोनॉक्साइड त्याने जात नाही.
- दम्याच्या रुग्णांना अशा यंत्रांचा ठोस फायदा अभ्यासांत दिसलेला नाही.
- काही यंत्रांतून ओझोन बाहेर पडतो. तो दमेकऱ्यांना त्रासदायक असतो.
- "निगेटिव्ह आयन" म्हणून विकलेल्या काही पदकांत आणि गाद्यांत किरणोत्सारी पदार्थ सापडले आहेत.

निगेटिव्ह आयन म्हणजे काय?

हवेतल्या रेणूंवर एरवी विद्युतभार नसतो. एखाद्या रेणूतून इलेक्ट्रॉन निसटला की तो रेणू धनभारित होतो. निसटलेला इलेक्ट्रॉन बहुतेक वेळा ऑक्सिजनच्या रेणूला चिकटतो आणि तो ऋणभारित होतो. हाच ऋण आयन, म्हणजे निगेटिव्ह आयन. थोड्याच वेळात पाण्याचे काही रेणू त्याच्याभोवती गोळा होतात आणि एक छोटा पुंजका तयार होतो.

इथे "निगेटिव्ह" म्हणजे वाईट आणि "पॉझिटिव्ह" म्हणजे चांगलं असा अर्थ नाही. ही फक्त विजेच्या दोन प्रकारच्या भारांची नावं आहेत. जाहिरातींमध्ये मात्र ऋण आयनांना तारक आणि धन आयनांना मारक ठरवलं जातं. निसर्गात हे दोन्ही जोडीनेच जन्माला येतात.

ते तयार कसे होतात?

जमिनीजवळच्या हवेत आयन तयार होण्याची मुख्य कारणं दोन. पहिलं कारण जमिनीतली नैसर्गिक किरणोत्सारिता. माती आणि खडकांतून रेडॉन नावाचा वायू सतत झिरपत असतो आणि त्याच्या किरणांमुळे हवेत आयन बनतात. दुसरं कारण अवकाशातून येणारे वैश्विक किरण. त्यांचा शोध व्हिक्टर हेस यांनी १९१२ मध्ये बलूनमधून वर जाऊन लावला आणि त्यासाठी त्यांना १९३६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. विजा चमकतानाही आयन तयार होतात.

धबधब्याचं कारण वेगळं आहे. पाणी आपटून फुटतं तेव्हा बारीक तुषारांवर आणि आसपासच्या हवेत ऋणभार येतो. जर्मन शास्त्रज्ञ फिलिप लेनार्ड यांनी १८९२ मध्ये हे दाखवून दिलं. नाशिकजवळचा सोमेश्वरचा धबधबा असो किंवा पावसाळ्यात इगतपुरीच्या डोंगरांतून कोसळणारं पाणी, तिथल्या हवेत ऋण आयन नेहमीपेक्षा जास्त असतात. जाहिरातीतलं धबधब्याचं चित्र इथून आलं आहे.

हवेत त्यांचं प्रमाण किती असतं?

जमिनीवरच्या साध्या हवेत एका घन सेंटीमीटरमध्ये काही शे लहान आयन असतात. मोठ्या धबधब्याजवळ ही संख्या काही हजार, कधी दहा हजारांच्याही वर जाते. बंद खोलीत ती बहुतेक वेळा बाहेरच्यापेक्षा कमी असते.

हे आकडे मोठे वाटतात. पण तेवढ्याच हवेत एकूण रेणू असतात सुमारे २५ अब्ज अब्ज, म्हणजे २५ वर १८ शून्यं. एका घन सेंटीमीटरमध्ये १,००० आयन धरले, तर सुमारे अडीच कोटी अब्ज रेणूंमागे एक आयन येतो. शिवाय लहान आयन फार टिकत नाही. काही सेकंदांत किंवा मिनिटांत तो विरुद्ध भाराच्या आयनाला भेटून संपतो किंवा धुळीच्या कणाला चिकटतो.

धूर आणि आयन यांचं नातं

जमिनीजवळ निसर्ग दर सेकंदाला, दर घन सेंटीमीटरमध्ये आयनांच्या साधारण १० जोड्या तयार करतो. हवा पूर्ण स्वच्छ असती, तर ही संख्या वाढत अडीच हजारांच्या आसपास जाऊन थांबली असती. प्रत्यक्षात ती काही शेवरच राहते, कारण हवेतले धूलिकण आणि धूर लहान आयनांना गिळून टाकतात.

म्हणजे हवेत आयन कमी असणं हे हवा खराब असल्याचं लक्षण आहे. ताप आलेल्या माणसाचा थर्मामीटर झटकला तर पारा उतरतो, ताप उतरत नाही. तसंच धुराने भरलेल्या खोलीत वरून आयन सोडल्याने आकडा वाढू शकतो. धुराचं मूळ मात्र जिथल्या तिथे राहतं.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी याच नात्याचा उपयोग करून घेतला. हवेत लहान आयन जितके जास्त, तितकी हवेतून वीज सहज वाहते. ए. के. कामरा आणि त्यांचे सहकारी देशपांडे यांनी बंगालच्या उपसागरावर जहाजातून हवेची ही विद्युतवाहकता मोजली. जमिनीवरचं प्रदूषण समुद्रावर कुठवर पोहोचलं आहे, याचा अंदाज त्यांनी त्यावरून मांडला. हे काम १९९५ मध्ये प्रसिद्ध झालं.

सांगली जिल्ह्यातल्या रामानंदनगर इथेही हवेतल्या आयनांची मोजणी झाली आहे. दिवसाच्या वेळेनुसार आणि ऋतूनुसार ती कशी बदलते, यावरचा शोधनिबंध २०१० मध्ये आला. पवार, मीना आणि जाधव या संशोधकांनी २०१२ मध्ये कुक्कुटपालन शेड, समुद्रकिनारा, डोंगर, खेडं आणि शहर अशा ठिकाणांची तुलना केली. महाराष्ट्रातल्या ग्रामीण हवेतल्या आयनांचा अभ्यास झालेला आहे, हे यावरून लक्षात येईल.

निफाडच्या थंडीत हवा का कोंडते?

निफाड तालुका राज्यातल्या सर्वात थंड भागांपैकी एक. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदवलेलं किमान तापमान हिवाळ्यात दरवर्षी बातम्यांमध्ये असतं. पारा अनेकदा ५ अंशांच्या खाली जातो.

अशा रात्री जमीन लवकर थंड होते. तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते, तर वरची हवा तुलनेने उबदार राहते. हा उबदार थर झाकणासारखं काम करतो. बागेतल्या शेकोट्या, चुली आणि ट्रक यांचा धूर या झाकणाखाली अडकतो. सूर्य वर आल्यावर जमीन तापते आणि धूर विरतो. म्हणूनच पहाटे घसा खवखवतो आणि दुपारी बरं वाटतं.

थंडीमुळे घराची दारं-खिडक्याही बंद असतात. आत डासांची कॉइल, अगरबत्ती, फोडणीचा धूर आणि कुठे कुठे कोळशाची शेगडी असते. घरातली हवा बाहेरच्यापेक्षा वाईट होते ती यामुळे. आयन कमी पडल्यामुळे ती बिघडते असं नाही.

आयन सोडणारं यंत्र काम कसं करतं?

यंत्रात एक किंवा अनेक टोकदार सुया असतात किंवा कार्बनच्या तंतूंचा छोटा ब्रश असतो. त्यावर काही हजार व्होल्टचा ऋण दाब दिला जातो. टोकाजवळ हवेतून अगदी बारीक विद्युत विसर्ग होतो आणि इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. ते ऑक्सिजनला चिकटले की ऋण आयन तयार होतात. हे आयन हवेतल्या धूलिकणांना भार देतात आणि भारित कण जवळच्या भिंतीकडे, फरशीकडे किंवा पडद्याकडे ओढले जाऊन तिथे चिकटतात.

हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर औष्णिक वीज केंद्रात वापरतात. नाशिकजवळच्या एकलहरे इथल्यासारख्या कोळशावर चालणाऱ्या केंद्रात चिमणीकडे जाणारा धूर विजेच्या दाबाखालच्या पट्ट्यांमधून नेला जातो. राखेचे कण भारित होऊन पट्ट्यांना चिकटतात. नंतर पट्ट्यांवर ठोके देऊन ती राख खाली पाडून गोळा केली जाते.

घरातल्या साध्या आयन यंत्राचं तसं नसतं. त्यात कण गोळा करायला पट्टी नसते, त्यामुळे पट्टीचं काम घराची भिंत करते. अशा यंत्रामागच्या भिंतीवर काळपट डाग पडतो तो याचमुळे. "बघा, किती घाण ओढली" असं सांगून विक्रेते तो डाग कौतुकाने दाखवतात. पण ती धूळ अजून घरातच असते. केर काढताना किंवा पडदा झटकताना तिचा काही भाग पुन्हा हवेत येतो.

काचेच्या डब्यातला प्रयोग खरा असतो का?

प्रदर्शनात आणि व्हिडिओत एक प्रयोग नेहमी दाखवतात. काचेच्या डब्यात अगरबत्तीचा धूर भरतात, आयन यंत्र सुरू करतात आणि काही सेकंदांत धूर नाहीसा होतो. यात हातचलाखी नसते, धूर खरंच जातो. फसगत होते ती आकारात.

डबा साधारण १० लिटरचा असतो. १० बाय १२ फुटांच्या आणि १० फूट उंचीच्या खोलीत सुमारे ३४,००० लिटर हवा असते, म्हणजे डब्याच्या ३,४०० पट. डब्यात सुई आणि भिंत यांच्यात वीतभर अंतर असतं. खोलीत आयन सुईपासून काही फुटांवर जाईपर्यंत बरेचसे संपलेले असतात. शिवाय खोलीत दाराच्या फटीतून आणि स्वयंपाकघरातून नवा धूर येतच राहतो.

"सेकंदाला एक कोटी आयन" या दाव्याचाही हिशेब करता येतो. वरच्या खोलीत ३ कोटी ४० लाख घन सेंटीमीटर हवा आहे. एक कोटी आयन त्यात सारखे पसरले, तर दर घन सेंटीमीटरला सेकंदाला एक तृतीयांशही आयन येत नाही. निसर्ग तेवढ्याच वेळात आणि तेवढ्याच जागेत साधारण १० जोड्या तयार करतो. कोटींचा आकडा ऐकायला मोठा आहे, खोलीच्या मानाने तो किरकोळ आहे.

दम्याला फायदा होतो का?

बहुतेक कुटुंबं यंत्र घेतात ती याच आशेने. ब्रिटनमध्ये १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दमा असलेल्या मुलांच्या घरी आयन यंत्रं ठेवली गेली. धुळीतल्या माइट नावाच्या सूक्ष्म जिवांपासून येणारे ॲलर्जीचे घटक हवेत कमी झाले. मुलांच्या दम्यात मात्र सुधारणा दिसली नाही. नंतर कॉक्रेन या संस्थेने अशा सगळ्या चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. त्यातही फुप्फुसांची क्षमता, लक्षणं किंवा औषधांची गरज यांत ठळक फरक आढळला नाही.

बीजिंगमध्ये विद्यार्थ्यांच्या खोल्यांमध्ये झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आयन यंत्रांमुळे पीएम २.५ म्हणजे अतिसूक्ष्म धूलिकण कमी झाले, पण त्याच वेळी शरीरावरचा एक प्रकारचा रासायनिक ताण वाढल्याचं लक्षण दिसलं. धूळ कमी झाल्याचा फायदा त्यामुळे काही अंशी फिका पडला, असं संशोधकांनी मांडलं.

यातून एक व्यवहाराचा मुद्दा निघतो. यंत्र आणलं म्हणून इनहेलर बंद करणं धोक्याचं आहे. डॉक्टरांनी दिलेलं दम्याचं औषध त्यांच्या सल्ल्यानेच कमी-जास्त करावं.

मन प्रसन्न होतं का?

इथे उत्तर थोडं गुंतागुंतीचं आहे. थंड देशांत हिवाळ्यात दिवस फार लहान होतो आणि काही लोकांना दरवर्षी त्याच काळात नैराश्य येतं. न्यूयॉर्कमधले मायकेल टर्मन आणि जिऊआन सू टर्मन यांनी अशा २५ रुग्णांवर केलेला प्रयोग १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज पहाटे अर्धा तास, २० दिवस आयन दिले गेले. एका गटाला घन सेंटीमीटरमागे सुमारे २७ लाख इतके तीव्र, तर दुसऱ्याला १० हजार. तीव्र आयनांच्या गटात ५८ टक्के रुग्णांना बरं वाटलं, कमी तीव्रतेच्या गटात १५ टक्क्यांना.

२०१३ मध्ये १९५७ ते २०१२ या काळातल्या ३३ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. चिंता, मनःस्थिती, शांतपणा आणि झोप यांवर आयनांचा सातत्याने दिसणारा परिणाम त्यात आढळला नाही. नैराश्याच्या बाबतीत मात्र तीव्र आयनांच्या गटांत लक्षणं कमी दिसली.

पण हे प्रयोग दुकानात मिळणाऱ्या छोट्या यंत्रांवर झालेले नव्हते. ज्या १० हजारांना प्रयोगात "कमी" म्हटलं गेलं, तेच जाहिरातीत "धबधब्याइतके" म्हणून सांगितले जातात. शिवाय न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यातला सर्वात लहान दिवस सुमारे सव्वानऊ तासांचा असतो, नाशिक जिल्ह्यात तो जवळपास ११ तासांचा असतो.

मग धबधब्याजवळ बरं का वाटतं? तिथे हवा गार असते, धूळ कमी असते, पाण्याचा आवाज असतो, हिरवळ असते आणि कामातून सुट्टी मिळालेली असते. या सगळ्यातून एकटे आयन वेगळे काढून त्यांनाच श्रेय देता येत नाही. उदास वाटणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, झोप-भूक बिघडली किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर यंत्राच्या भरवशावर न राहता डॉक्टरांकडे जावं. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतूनही बोलता येतं.

जंतू मरतात का?

या बाजूने काही पुरावा आहे. पेरूची राजधानी लिमा इथल्या एका रुग्णालयात क्षयरुग्णांच्या वॉर्डातली हवा गिनिपिगांच्या पिंजऱ्यांमध्ये सोडून प्रयोग केला गेला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, काहीच उपाय नसताना ३५ टक्के प्राण्यांना क्षयाचा संसर्ग झाला. वॉर्डात आयन यंत्रं चालू असताना हे प्रमाण १४ टक्के होतं, तर छताजवळ अतिनील दिवे लावल्यावर ९.५ टक्के. पण हा रुग्णालयातला, नीट आखलेला बंदोबस्त होता. त्याचा आकडा घरातल्या प्लगमध्ये खोचायच्या यंत्राला लावता येत नाही.

महाराष्ट्रातलं उदाहरण करोनाच्या काळातलं आहे. मार्च २०२० मध्ये केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने पुण्याच्या सायटेक पार्कमधल्या एका नवउद्योगाच्या "सायटेक एअरॉन" या आयन यंत्राची घोषणा केली. ते वाढीव प्रमाणात बनवण्यासाठी १ कोटी रुपये देण्यात आले आणि राज्यातल्या रुग्णालयांसाठी १,००० यंत्रं तयार होतील असं सांगण्यात आलं. खोलीच्या आकारानुसार तासाभरात विषाणूभार ९९.७ टक्क्यांपर्यंत कमी होतो, असा दावा होता.

असा आकडा वाचताना तीन प्रश्न विचारावेत. चाचणी किती मोठ्या खोलीत झाली? ती कोणत्या जंतूवर झाली? आणि यंत्र बंद असताना तेवढ्याच वेळात किती जंतू आपोआप कमी झाले? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण बंद खोलीतही बरेच कण स्वतःहून खाली बसतात.

ओझोनचा धोका काय?

आयन तयार करणाऱ्या त्याच विद्युत विसर्गात ऑक्सिजनचे तीन अणू एकत्र येऊन ओझोन बनू शकतो. वीज कडाडल्यावर किंवा झेरॉक्स मशीनजवळ जो तिखट वास येतो, तो ओझोनचा. आकाशात २०-३० किलोमीटर उंचीवर तो अतिनील किरण अडवून आपलं रक्षण करतो. श्वासातून आत गेला तर मात्र घसा आणि फुप्फुसं चुरचुरतात आणि दमा बळावू शकतो.

लिंबाच्या किंवा देवदाराच्या वासाच्या फरशी पुसायच्या द्रवांशी ओझोनची प्रक्रिया होते. त्यातून फॉर्मल्डिहाइड आणि नवे अतिसूक्ष्म कण तयार होतात. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने म्हणूनच घरगुती हवा-शुद्धीकरण यंत्रांवर ओझोनची मर्यादा घातली आहे. हवेतल्या १०० कोटी भागांत ५० भाग ही ती मर्यादा.

सगळीच आयन यंत्रं घातक पातळीचा ओझोन सोडतात असं नाही. पण यंत्र सुरू केल्यावर "ताजा", तिखट वास येत असेल, तर ते शुद्धतेचं लक्षण समजू नये. यंत्र बंद करून खिडकी उघडावी.

पदक, पॅड आणि मिठाचा दिवा

आयन तयार करायला ऊर्जा लागते. यंत्राला ती विजेतून मिळते. मग वीज नाही, बॅटरी नाही, तरी "सतत निगेटिव्ह आयन" सोडणारं पदक ही ऊर्जा आणतं कुठून? अशा काही वस्तूंत ती किरणोत्सारी खनिजातून येते. केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत सापडणारं मोनाझाइट हे असंच थोरियम असलेलं खनिज आहे.

दक्षिण कोरियात २०१८ मध्ये "आयन" देणाऱ्या गाद्यांमध्ये मोनाझाइटची पूड वापरल्याचं आणि त्यातून रेडॉन बाहेर पडत असल्याचं उघड झालं. हजारो गाद्या परत घ्याव्या लागल्या. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने पदक, कडं आणि झोपताना लावायची पट्टी अशा दहा वस्तू किरणोत्सारी असल्याचं सांगून त्या न वापरण्याचा इशारा दिला. साखळी पद्धतीने ओळखीच्या माणसाकडून अशी वस्तू घरी आली, तर नाही म्हणताना संकोच करू नये. विशेषतः लहान मुलांच्या गळ्यात ती घालू नये.

मिठाचा दिवा धोकादायक नाही, पण तो आयनही सोडत नाही. मीठ वितळायलाच सुमारे ८०० अंश सेल्सियस तापमान लागतं, आतला छोटा बल्ब ते फक्त कोमट करतो. तुळस किंवा कुंडीतली रोपं लावावीत ती त्यांच्या इतर गुणांसाठी. खोलीची हवा बदलेल इतके आयन त्यांच्यातून मिळत नाहीत.

मग घरातली हवा सुधारायची कशी?

*आधी उगम थांबवा.* चीन आणि मलेशियातल्या कॉइलवर झालेल्या एका अभ्यासात, एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडल्याचं आढळलं. तिच्याऐवजी मच्छरदाणी वापरणं हा फुकटात होणारा हवा-शुद्धीकरणाचा उपाय आहे. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखा लावा आणि फोडणीपूर्वीच तो सुरू करा.

*बंद खोलीत शेगडी नको.* कोळशाच्या शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. झोपेतच जीव जाऊ शकतो. कोणतंही आयन यंत्र किंवा फिल्टर हा वायू काढू शकत नाही. खिडकी उघडी ठेवणं आणि झोपण्यापूर्वी शेगडी बाहेर नेणं हाच उपाय.

*खिडकीची वेळ पाळा.* थंडीत पहाटे धूर जमिनीलगत असतो. ऊन चढल्यावर, दुपारी दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडून वारा खेळू द्या. शेजारच्या बागेत फवारणी सुरू असेल, तेव्हा त्या बाजूची खिडकी बंद ठेवा.

*खळ्यावर मास्क लावा.* कांद्याची प्रतवारी करताना तोंडाला बांधलेला रुमाल मोठी धूळ अडवतो, बारीक नाही. नीट बसणारा एन ९५ मास्क जास्त कामाचा. घरी आल्यावर कपडे बाहेरच झटका. घरात कोरडा केर काढण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा.

*खोकला तपासून घ्या.* दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला, तर सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी मोफत होते.

यंत्र घ्यायचंच असेल तर काय पाहावं?

हेपा फिल्टरचं यंत्र हवा आत ओढतं आणि कण फिल्टरमध्ये अडकवून ठेवतं. त्यामुळे धूळ भिंतीवर जात नाही. विकत घेताना "सीएडीआर" हा आकडा विचारा. यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं, ते त्यावरून कळतं. वरच्या १० बाय १२ च्या खोलीत ३४ घनमीटर हवा आहे. ती तासाला पाच वेळा गाळून निघायची असेल, तर सीएडीआर किमान १७० हवा. फक्त "कोटी आयन" लिहिलेलं असेल आणि सीएडीआर नसेल, तर ते यंत्र किती हवा साफ करतं हे विक्रेत्याने सांगितलेलंच नाही, असं समजावं.

फिल्टर किती महिन्यांनी बदलावा लागतो आणि तो कितीला पडतो, हेही आधीच विचारा. फिल्टर न बदललेलं यंत्र हळूहळू नुसता पंखा होतं. यंत्रात आयनचं वेगळं बटण असेल, तर ते बंद ठेवून फक्त फिल्टर चालवता येतो का, ते पाहा. एसीमधलं "आयन" बटण बंद ठेवल्याने थंडावा कमी होत नाही.

आधीच घेतलेलं साधं आयन यंत्र घरात असेल, तर दमेकऱ्याच्या उशाशी ते ठेवू नका. वास येत असेल तर वापरू नका. त्याच्या आसपासची भिंत आणि फरशी ओल्या फडक्याने पुसत राहा, कारण त्याने खाली पाडलेली धूळ तिथेच बसलेली असते.